नामपुरात गळणारा गिअरबॉक्स

नाशिकरोड,
ता. ४ नोव्हेंबर १९८१

आदरणीय अक्का आणि दाजी यांना बुधाचा सप्रेम जयभीम. (मागच्या पत्रात ‘तीर्थरूप’ लिहिलं म्हणून दाजी आठ दिवस घुश्शात होते असं कळलं. चूक झाली. आपण ना तीर्थ, ना रूप, हे मला मान्य आहे.) अक्काचे गुडघे कसे आहेत? दाजींचा वर्कशॉपातला साहेब बदलून गेला की अजून छळतोय? उन्हाळ्यात तुमच्या क्वार्टरपुढे माझ्या गाडीनं सांडलेलं ऑइल राखेनं घासून निघालं का? इकडे मी बरा आहे, गाडी बरी नाही. पत्र नेहमीप्रमाणे दाजी वाचणार आणि अक्का पाय पसरून ऐकणार, हे धरून लिहितो. कंसातला मजकूर फक्त दाजींसाठी आहे. तो मनात वाचावा आणि चेहरा सरळ ठेवावा.

पत्रास कारण गिअरबॉक्स. तो दुरुस्त करावा की बदलावा, हे येत्या पंधरा तारखेच्या आत ठरवायचं आहे, आणि मला मोठं माणूस तूच. अक्का, इंजिनाचा जोर चाकापर्यंत पोचवतो तो गिअरबॉक्स. तुमच्या घरात तुझं जे काम, तेच त्याचं. (दाजी, घरातलं इंजिन कोण ते तिनं विचारलं तर पुढचं वाचायला लागा.) ट्रक बासष्ट सालचा, माझ्या लग्नापेक्षा जुना. गिअरबॉक्समधून ऑइल गळतं, आणि राहुडच्या घाटात तिसरा गिअर आपोआप सुटतो म्हणून मी तो गुडघ्यानं दाबून धरतो. आपल्या घराण्याला गुडघ्यांचं सुख नाहीच.

सल्ला देणाऱ्यांचा तोटा नाही. नाशकातल्या द्वारकेजवळचा शकूर मिस्त्री गाडीखाली शिरला की अर्धा तास त्याचे नुसते पाय दिसतात. बाहेर येऊन म्हणाला, “बुधाभाऊ, सील डालो, बेअरिंग डालो, अभी दस साल चलेगी.” एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातली राख वाहणाऱ्या ड्रायव्हरांना विचारलं, तर सहा जणांनी नऊ मतं दिली आणि माझ्याच नावावर चहा प्याले. पंचवटीत यात्रेकरूंची पूजा सांगणारे ढुंढिराज भेटले (त्यांचे यजमान मी एकदा पावसात स्टेशनवर सोडले होते, तेव्हापासून ते माझं फुकट भलं करतात). ते म्हणाले, अमावास्येपर्यंत लोखंडाला हात लावू नये. मी विचारलं, मग ब्रेकला पाय लावू का? त्यांनी पंचांग पुन्हा उघडलं आणि पायापुरती सवलत दिली. या सगळ्यात दुरुस्तीचं राहिलं बाजूला, आणि माझी गाडी म्हणजे गावच्या जावयासारखी झाली, जो तो वाकून बघतो.

पण अक्का, गळतीचा खरा त्रास वेगळाच आहे. गळणारी गाडी जिथं उभी राहते तिथं सही करून जाते. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात, माझं मांजर पावलं उमटवून जातं. आठवड्यातून दोनदा मी कांदा भरायला नामपूरला असतो. बाजारात जागा नसते म्हणून गाडी शाळेमागच्या गल्लीत कडुलिंबाखाली लावतो. त्या लिंबासमोरच प्राथमिक शाळेतल्या यशोदाबाईंचं घर आहे, यात माझा दोष नाही, झाड आधीचं आहे. (दाजी, बाजारात जागा असते.) बाई आपल्यातल्याच. नवरा वीज मंडळात होता, सहा वर्षांपूर्वी वारला. पहिल्यांदा मी ऑइल धरायला काही भांडं मागितलं, त्यांनी तुपाचा रिकामा डबा दिला. दुसऱ्यांदा डबा परत करायला गेलो तर चहा दिला. तिसऱ्यांदा विचारलं, जेवलात का? माझी भागी वारली त्याला चार वर्षं झाली. या चार वर्षांत हे मला ढाब्यावाल्याखेरीज समोर उभं राहून कुणी विचारलं नव्हतं. जेवलो होतो तरी नाही म्हणालो आणि पुन्हा जेवलो. (तू विचारतेस अक्का, पण पत्रातून. पत्र पोचेपर्यंत जेवण पचलेलं असतं. दाजी, हा कंस तिला वाचून दाखवलात तरी चालेल.)

तर त्या दारात डाग साठत गेले. शेजारच्या धोंडाबाईला उद्योग नाही. ती सकाळी ओट्यावर उभी राहून गल्लीला ऐकू जाईल असं सांगते, “बाईना दारमा आज बी नवा डाग शे.” शाळेतल्या पोरी त्या डागांवरून लंगडी घालतात. हेडमास्तरांनी बाईंना विचारलं, तुमच्याकडे कुणी मिस्त्री भाड्यानं राहतो का? परवा रविवारी बाईंनी मला ओट्यावरच थांबवलं. आवाज चढवला नाही, वर्गात चढवत असतील. म्हणाल्या, “पंधराला माझा भाऊ येतोय मालेगावहून. त्याच्या आत एक तर ही गळती बंद करा, नाहीतर तुमच्या घरचं मोठं माणूस पाठवा. मला रोज याच गावात शाळेला जायचं असतं.” बरोबर बोलल्या. लोकांनी माझं नाव घेतलं तर मी पुढच्या गावाला निघून जातो, त्यांना तिथंच राहायचं आहे. तीन रात्री मला झोप नाही.

तुला विचारायला मला तोंड नाही हेही खरं. चाळीसगावला तू मुलगी दाखवलीस आणि मी मागच्या दारानं पळालो, तेही पोहे संपवून. तू तीन महिने बोलली नाहीस ते योग्यच होतं. तेव्हा झालं गेलं पोटात घाल आणि गिअरबॉक्सचं काय करावं ते कळव. गुडघ्यांना तेल लावत जा. दाजींना बिडी कमी करायला सांग, ते हे वाचणार नाहीत म्हणून तुला वेगळं सांगतो, तू त्यांना विचार की बुधानं काय लिहिलंय.

तुझा धाकटा,
बुधा

ता. क. गिअरबॉक्सचं उत्तर सावकाश दिलंस तरी चालेल.

दुसरा ता. क. अक्का, चौदाच्या शनिवारी मनमाडला उतर. मी गाडी घेऊन स्टेशनवर असेन. नवं लुगडं नेस. नामपूरला गेल्यावर पोह्यांची गोष्ट काढू नकोस. या वेळी मी पळणार नाही. मला यशोदाबाईंशी लग्न करायचं आहे, आणि हे कंसाबाहेर लिहितोय.

(तिसरा ता. क., फक्त दाजींसाठी. शकूरनं ऑगस्टमध्येच सील आणि बेअरिंग दोन्ही बदललं. आता नाशिकला थेंब गळत नाही, घाटात गिअर सुटत नाही. नामपुरात गळतं, कारण लिंबाखाली गाडी लावली की मी खालचा बोल्ट थोडा ढिला करतो. बाईंना याचा पत्ता नसेल अशी माझी समजूत होती. रविवारी एवढं बोलून त्या आत गेल्या आणि माझ्या हातात एक पाना आणून ठेवला. नवा कोरा, बाजारातून विकत आणलेला, आणि बरोबर त्याच बोल्टला बसणारा.)