आत्याच्या डीव्हीडीसाठी चार सॉफ्टवेअर

३ नोव्हेंबर
'सर्वोत्तम दहा डीव्हीडी बॅकअप सॉफ्टवेअर' अशी सहा पानं वाचली. ज्याचं संकेतस्थळ, त्याचंच सॉफ्टवेअर पहिलं. सहाही ठिकाणी. पेपर स्वतः काढायचा, स्वतः लिहायचा आणि स्वतःच तपासायचा. आमच्या कॉलेजात निदान तपासणारा दुसरा असायचा.
'अप्रतिम दर्जा.' कशाच्या तुलनेत? चाचणी कशी घेतली, हे एकाही गाढवाने लिहिलेलं नाही.
मी नीट करणार. रकाने तीन: दर्जा, वेग, सोयी. सॉ.वे. चार, नावं 'क', 'ख', 'ग', 'घ'. डीव्हीडी एकच, आत्याची.

४ नोव्हेंबर
ती मिळाली. आईच्या लुगड्यांच्या पेटीत, लग्नपत्रिकेच्या पाकिटात. कव्हरला डिंक लावून चिकटवलेली होती, 'हरवू नये म्हणून'. ओढूनच काढावी लागली. आमच्या घरात जपणं म्हणजे चिकटवणं.
खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीतला जयंतीचा कार्यक्रम, आत्याची गायन पार्टी. पहिलंच गाणं तिचं. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढलं त्याला दोन वर्षं होतील. तेव्हापासून पाटी. मागच्या रविवारी माझ्यासमोर लिहिलं: 'माझा आवाज ऐकव.' मग पाटी उलटी करून ठेवली, जणू काही मागितलंच नाही.
दुसरं रेकॉर्डिंग कुणाकडे नाही. कुणी करणार? ती रोजच तर गायची.

५ नोव्हेंबर
सीताबर्डीला गेले, बाहेरून जोडायचा ड्राइव्ह घ्यायला. जिन्याखालचं दुकान, बंडूभाऊ. हा माणूस वर्षानुवर्षं चोरीचे सिनेमे विकत होता, अख्ख्या नागपूरला ठाऊक आहे. आता मोबाइलची कव्हरं विकतो. मी जतनाचं बोलत होते आणि तो खर्रा चघळत डीव्हीडी उजेडात धरून बघत होता.
"मधात तडा आहे ताई. केसावानी. हे पाहा, भोकापाशी."
मला दिसला नाही. म्हणजे दिसला, पण अगदी एवढासा.
"पयले आख्खी प्लेट उचलून घ्या. एकदाच. हळू फिरवून. मंग तुमाले काय धुवाचं ते धुवा."
प्लेट. समोसा आहे का? आणि 'उचलून घ्या'! चोराला चोरीचाच शब्द सुचणार.
मी म्हटलं, मला चार सॉफ्टवेअरची तुलना करायची आहे, त्याशिवाय कसं ठरवणार?
"तुलना काहून? पोरगं पाहून राहिल्या काय लग्नाले?"
बाजूचा चार्जरवाला हसला. मी ड्राइव्ह घेऊन निघाले. पदवीधर मुलीला घाबरवून गिऱ्हाईक करायचं, हा ह्यांचा जुना धंदा.

६ नोव्हेंबर
'क'. वेगाची चाचणी प्रामाणिक हवी, म्हणून ड्राइव्ह पूर्ण वेगावर, प्रत्येक सॉ.वे. तीन वेळा आणि मग सरासरी.
दर्जा: बरा. पण फुकटात फक्त सुरुवातीची दहा मिनिटं, पुढचं विकत घ्या म्हणे. आणि त्या दहा मिनिटांतही पडद्याच्या मधोमध कंपनीचं नाव आडवं. आत्याच्या तोंडावर. तोंड उघडलं की अक्षरं, मिटलं की अक्षरं.
आवाज मात्र...
बाबा कोळशाच्या पट्ट्यावरून ड्यूटी करून आले होते. दारातच थांबले. बूट काढायचेही विसरले. गाणं संपेपर्यंत तसेच उभे.
"झालं ना वं? नेऊन ऐकव तिले."
"बाबा, चेहऱ्यावर जाहिरात आहे."
"थे कोण पाह्यते? आवाज तर येते ना?"
बाबांना टेबल समजावणं अवघड. दहावी नापास माणसाला 'बरं' आणि 'उत्तम' यातला फरक दिसत नाही. म्हटलं, चारही होऊ द्या. ते बूट काढायला बाहेर गेले.
'क'च्या तिन्ही प्रती पुसून टाकल्या. असली घाण आत्याला दाखवायची नाही.

७ नोव्हेंबर
'ख'. ह्याला फक्त वेग कळतो. अकरा मिनिटांत पूर्ण डीव्हीडी, आणि शेवटी फटाके उडवणारं चित्र. कसला पराक्रम? अख्खा कार्यक्रम दाबून दाबून निम्म्यात बसवला. आत्याचा चेहरा म्हणजे फरशीचे चौकोन, ढोलकीवाल्याला हातच नाहीत. आवाज पत्र्याच्या डब्यातून. वर लिहिलंय: 'मूळ दर्जाच्या ९८%'. हे दोन टक्के नक्की कुठले कापले, माझ्या आत्याचे की ढोलकीवाल्याचे?
कहरव्याचा ठेका सुद्धा ठेचाळतो. लाज नाही.
पुसलं.

८ नोव्हेंबर
'ग'. सोयींचा बाजार. फिरवा, कापा, चिकटवा, रिंगटोन करा, बदामाच्या चौकटीत बसवा. एक बटण: 'गायकाचा आवाज काढून टाका'. म्हणजे मागे वाद्यं वाजतील आणि वर आपण गायचं.
बराच वेळ त्या बटणाकडे बघत बसले. ती सोय आत्याला आधीच मिळालेली आहे. सरकारी दवाखान्यात.
दुसऱ्या खेपेला ड्राइव्ह आतून कुरकुरला. तिसऱ्या खेपेला दोनदा अडकला. 'ग'चे गुण कापले, प्रती पुसल्या.

१० नोव्हेंबर
'घ' शेवटचं. रंग नाही, चित्र नाही, काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं. एकाही यादीत पहिल्या दहात नाही. हे काहीच बदलत नाही, दाबत नाही, सुधारत नाही. जसंच्या तसं अख्खं उतरवून घेतं. जे वाचता आलं नाही, ते लिहून दाखवतं. पहिल्यांदाच कुणीतरी खरं बोलणारं भेटलं.
आणि ते म्हणतंय, सुरुवातीचा भाग वाचता येत नाही.
सकाळपासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत, तिन्ही खेपांना तेच. मागचं सगळं आलं. सत्कार आला, अध्यक्षांचं भाषण आलं, हारतुरे आले. अध्यक्षांचं एक अक्षर गेलं नाही. आत्याच्या पहिल्या कडव्यात भोक.
डीव्हीडी बाहेर काढली. तडा बोटाच्या पेराएवढा झालाय. चकाकत्या भागात शिरलाय.

११ नोव्हेंबर
बंडूभाऊ. जायचं नव्हतं. गेले.
त्याने डीव्हीडी हातात घेतली, मग माझ्याकडे पाहिलं. टोमणा मारेल असं वाटलं होतं. मारला असता तर बरं झालं असतं.
"कितीदा फिरवली?"
"बारा."
"जोरात?"
मी मान हलवली.
"ताई, हे आतून भायेर वाचते. भोकापासून. तडा पण भोकापासूनच निघते. पयलं गाणं असंन त पयलं गाणंच खाते. म्हणून म्हटलं होतं, एकदा उचलून घ्या. उचललं की मंग प्लेट बाजूले ठेवाची. जे करायचं थे उचललेल्यावर करायचं, हजारदा करा ना."
म्हणजे मी जे शेवटी केलं, तेच. फक्त सगळ्यात आधी.
'क', 'ख', 'ग'च्या पुसलेल्या प्रती परत मिळतील का, विचारलं. लॅपटॉप तिथेच जोडून त्याने तासभर खटपट केली. पैसे घेतले नाहीत.
"त्यावर तुमी दुसऱ्या फायली भरल्या. त्या जागेवर नवं घर बांधलं, आता जुनं कुठून दाखवू?"
चार्जरवाला आज हसला नाही.

१२ नोव्हेंबर
टेबल पूर्ण झालं. सुबक आहे. कुणाला दाखवू?
मूर्खपणाला रकाना ठेवला नव्हता.

१३ नोव्हेंबर
'घ'ने उतरवलेलं पुन्हा पुन्हा ऐकलं. मुखडा आहे, थोडा फाटका. पहिल्या कडव्याच्या दुसऱ्या ओळीत एकदम शांतता. चौदा सेकंद. मग आत्या वरच्या सुरात परत येते, जणू कुणी दार उघडलं.
त्या ओळीचे शब्द घरात कुणाला आठवत नाहीत. गाणं तिचं तिनेच बांधलेलं. ६ तारखेला बाबांनी अख्खं ऐकलं होतं. विचारलं. म्हणाले, "शब्दावर ध्यान कोण ठेवते? मी आवाज ऐकत होतो." आधी राग आला. मग तोच प्रश्न स्वतःला विचारला. त्या एका दिवसात मी तीन वेळा ऐकलं होतं. मी तर त्या वेळी घड्याळ बघत होते.

१६ नोव्हेंबर
खापरखेडा. मी आणि बाबा. वाटेत बाबांनी विचारलं, एकदाच: "तिले सांगशीन काय?" मी म्हटलं, बघू.
आत्याने केस विंचरले होते, चांगलं पातळ नेसली होती. मी लॅपटॉप लोखंडी कॉटवर ठेवला. ती शेजारी बसली, मान थोडी खाली.
मुखडा सुरू झाला. तिचा हात गळ्यापाशी गेला, तिथल्या फडक्यावर थांबला. तोंड आपोआप हलायला लागलं. शेजारची एक बाई दारात येऊन उभी राहिली. "माय! हे सुशीलाबाई आहेत का वं?" बाबांनी तिला हातानेच गप्प केलं.
मग ती जागा आली. आवाज बंद.
आत्याचे ओठ थांबले नाहीत. हाताने कॉटच्या पट्टीवर कहरवा धरला होता, तो चालूच. मी तिच्या ओठांवरून शब्द ओळखायचा प्रयत्न करत होते; नाही जमलं, फार भरभर. चौदा सेकंद खोलीत फक्त लोखंडावर बोटं. आवाज परत आला तेव्हा ती बरोबर समेवर होती. एक मात्रा इकडेतिकडे नाही.
गाणं संपल्यावर पाटी मागितली. मला वाटलं, 'पुन्हा लाव' लिहील.
'तिथं काहून थांबलं?'
"जुनी आहे ना आत्या," मी म्हटलं.
बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. तिथे वीज केंद्राच्या चिमणीशिवाय काही दिसत नाही.
आत्याने पाटी पदराने पुसली. अक्षर मोठं काढलं.
'मी थांबली नव्हती.'

१७ नोव्हेंबर
बारा वेळा फिरवली, हे कसं लिहायचं त्या पाटीवर? बोलून सांगता येईल. मला बोलता येतं.
ती ओळ तिच्या ओठांवर आहे अजून. विचारली तर लिहून देईल. पण विचारायचं तर आधी...
रविवारी पुन्हा जाते आहे. बाबांना सांगितलं, ह्या वेळी मी एकटीच.