राणीछाप रुपयांवरची काळी रेघ

अण्णा,

मी संस्कृत शिकवून पोट भरते, त्यामुळे गेलेल्या माणसांशी बोलायची सवय आहे. शिवाय तुम्ही असताना तुमच्यापुढे बोलायची आपल्या घरात पद्धत नव्हती, तेव्हा ही वेळ बरी.

परवा तुमचे राणीछाप रुपये घेऊन सदर बाजारात गेले. जुनी नाणी ओळखणारे एक म्हातारे गृहस्थ बसतात तिथे. काळे पडलेत, उजळता येतील का, एवढंच विचारायचं होतं. त्यांनी नाण्याची एक कागदी पुडी सोडली, भिंग लावलं आणि हसलेच. "बहनजी, ये रबर किस भले आदमी ने चढ़ाया था?" म्हटलं, माझ्या वडिलांनी, रेल्वेत होते, बुकिंग ऑफिसातून रबरबँड आणायचे. मग त्यांनी समजावलं. रबरात गंधक असतो. तो कागदातूनही चांदीला पोचतो आणि रबर जिथे आवळलेलं तिथे काळी रेघ उठते. बाकीचा पिवळट-निळसर रंग हवेचा. आपल्या क्वार्टरवर इंजिनांचा धूर तर बारा महिने. "घिसना मत. घिसेंगी तो चेहरा भी जाएगा."

रेघ बरोबर राणीच्या नाकावरून गेली आहे, अण्णा. तुमचं काम काटेकोर. रबर चढवलेल्या प्रत्येक नाण्यावर मधोमध.

ते लक्ष्मीपूजन आठवतं? तुमचे बडे बाबू फराळाला आलेत. तुम्ही नाण्यांचा डबा उघडता, पुड्या सोडता, आणि नाण्यांवर रेघा. आदल्या वर्षी पूजेनंतर ती आईनेच पुसून दिलेली. "इकडे ये. हात बघू." आई पदराला हात पुसत लगबगीने येते; तिला वाटतं, तुम्ही काही देताय. तुम्ही तिचं मनगट धरून बड्या बाबूंच्या नाकाशी नेता. "सूँघिए बाबूजी, सूँघिए. सालभर प्याज-लहसुन. चाँदी क्या, आदमी काला पड़ जाए!" ते "अरे, भाभीजी को छोड़िए" म्हणाले, पण हुंगून म्हणाले.

त्यानंतर आईने नाण्यांना हात लावला नाही. पूजा उंबऱ्याबाहेरून बघायची. तांब्यापितळेला लावतात ती चिंच ती स्वतःच्या हातांना चोळायची, बोटांना चिरा पडेपर्यंत. "उजळतेयस हं," तुम्ही एकदा जेवता जेवता म्हणालात. विनोद चांगला होता. मीही हसले.

कांद्या-लसणातही गंधक असतो म्हणे, हे तुमच्या बाजूने नोंदवते. तुमचं शास्त्र बरोबर होतं, फक्त माणूस चुकला. आई हे न कळताच गेली.

हे पत्र त्याच डब्यात ठेवते आहे, रबर न लावता. तुमच्यापर्यंत पोचायची सोय असती, तरी धाडलं नसतं. कारण त्या डब्यात एक नाणं बिनरबराचं, नुसत्या कागदात होतं, आणि त्याच्यावर रेघ नव्हती. पुसलं तेही आईनेच होतं. ते मी त्याच संध्याकाळी पाहिलं. पण आईच्या जागी पाटावर नाणी मांडायचा मान मला मिळाला होता, आणि तो मला फार आवडला होता.

पुढे एकदा मोरीपाशी आईने दोन्ही हात माझ्यापुढे धरले. "खरं सांग गं, वास येतो का?"

मी हुंगलं आणि "येतो" म्हटलं.

चिंचेचा येत होता.