शनिवारच्या रात्रीचे दिवे

माय, मागच्या पत्रात मी तुला लिहिलं होतं की ते दिवे शनिवारी पहाटे दिसले. ते चूक आहे. ते रविवारी पहाटे दिसले. बाकी सगळं, म्हणजे दिव्यांची सरळ रांग, तिची दिशा, आवाज अजिबात नसणं, हे जसं लिहिलं तसंच आहे. फक्त वार चुकला. दुसऱ्या कोणाला हे सांगितलं तर तो म्हणेल, एका वाराने असं काय बिघडतं. तू म्हणणार नाहीस, म्हणून तुला लिहिते आहे.

मागचं पत्र मी घाईत लिहिलं होतं आणि तेव्हा मला स्वतःचं जरा कौतुकही वाटत होतं, म्हणून सगळं पुन्हा नीट सांगते. मी खामगावच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते, तासिकेवर. सुट्टीच्या दिवशी मुलांना दुर्बिणीतून ग्रह दाखवते, त्यामुळे आसपासच्या गावांत कोणाला आभाळात काही वेगळं दिसलं की फोन मला येतो. बहुतेक वेळा तो शुक्र असतो. एकदा लग्नात उडवलेला कागदी कंदील निघाला. एकदा टॉवरवरचा लाल दिवा होता. तो कित्येक वर्षं तिथेच होता, पण त्या दिवशी धुक्यात टॉवर बुडाला आणि दिवा तेवढा वर राहिला. मी प्रत्येक ठिकाणी जाते. ज्याने पाहिलं त्याला तो उभा होता तिथेच उभा करते, बोट दाखवायला सांगते, होकायंत्राने दिशा घेते. कोणाला हसत नाही. मग दोन पानांचा अहवाल लिहिते आणि ज्याने पाहिलं त्यालाही त्याची प्रत देते. एवढं कोणी करत नाही, असं माझ्याबरोबरची मंडळी म्हणतात. ते कौतुकाने म्हणतात की कंटाळून, हे मला अजून कळलेलं नाही.

या हिवाळ्यात फोन आपल्याच गावातून आला. पोलीस पाटील म्हणाले, "बाई, इकडे लोक झोपून नाही राह्यले. आभाळात दिवे दिसले म्हणते. चोर ड्रोन उडवून घरं पाहून ठेवतात, असं पोट्ट्यायनं उठवलं. तुम्ही एकदा येऊन सांगा बाप्पा काय हाय ते." मी गेले. दिवे पाहिलेले तिघेच होते. दोघी जावा, पहाटे अंगणात बंब पेटवायला उठलेल्या. त्यांना वार आठवत नव्हता. तिसरे ते आबा, ज्यांच्या दळणाच्या डब्यावर बैलगाडी रंगवलेली होती. तुझ्या गिरणीतल्या रांगेतला तो डबा तुला लगेच आठवेल. आबा रात्रभर हरभऱ्याला पाणी देत होते, कारण त्या आठवड्यात शेतावरच्या पंपाची वीज, लाईन, रात्रीची होती. ते म्हणाले, "शनिवारी. पहाटेच्या टायमाले. लाईन जाच्या थोडंसं आधी. डीपीच्या खांबाकडून निघाले अन् चिंचेवरून गेले, एकामागं एक, जशी काही मुंग्यायची रांग. मी मोजाले लागलो तं मान दुखली." लाईन सहाला जाते. म्हणजे पावणेसहा धरू. हिवाळ्यात त्या वेळी अंधारच असतो. मी लिहून घेतलं: शनिवार, पहाटे पावणेसहा.

असे दिवे म्हणजे बहुतेक वेळा नुकतेच सोडलेले उपग्रह असतात. ते पहिले काही दिवस एकामागे एक चालतात, आणि ते कुठून कधी दिसतील हे आधीच काढता येतं. मी शनिवारची पहाट तपासली. आपल्या जिल्ह्यावरून तशी रांग गेलेली नव्हती. दोनदा तपासलं. मग अहवालात लिहिलं, "त्या वेळी उपग्रहांची रांग या भागातून गेल्याचे आढळत नाही. कोणीतरी हेतुपुरस्सर उडवलेल्या साधनाची शक्यता नाकारता येत नाही." हे दुसरं वाक्य लिहायला मला पाऊण तास लागला. ते मला फार जपून लिहिलेलं वाटलं होतं.

गावात ते वाक्य 'मॅडमनं ड्रोनच म्हटलं' असं झालं. आणि आपल्या पंचक्रोशीत ड्रोन एकाच माणसाकडे आहे. पिंपळगाव राजाला त्याचं फोटो स्टुडिओचं दुकान आहे, लग्नांचं शूटिंग करतो, राहतो आपल्या गावात. त्यात शनिवारी पहाटे तो मलकापूरचं लग्न आटोपून मोटरसायकलवर परत आला होता, पाठीवर ड्रोनची बॅग, आणि दूधवाल्याने त्याला पाहिलं होतं. एवढं पुरलं. रात्री गावात पहारा द्यायला जागलीवर बसणाऱ्या पोरांनी दुसऱ्या आठवड्यात त्याला वेशीवर अडवलं, कॉलर धरली, बॅग काढून घेतली आणि पाटलांच्या घरी नेऊन ठेवली. पाटील म्हणाले, घरात हाय तवर मोडणार तरी नाही. खरं आहे ते. पण तो ड्रोन अजून तिथल्याच कपाटात आहे, आणि त्या पोराने घेतलेली दोन लग्नं दुसऱ्याकडे गेली. वधूपक्षाने सांगितलं, ज्याच्यावर चोरीचा संशय आहे तो घरच्या बायकांचे दागिने जवळून दिसतील असा कॅमेरा घेऊन आमच्या मांडवात नको.

हे मला कळलं तेव्हा मी त्याच्या दुकानात गेले. तो मला ताई म्हणतो, पूर्वीपासून. रागावला नाही, ते जास्त वाईट वाटलं. खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला. म्हणाला, "ताई, माह्या ड्रोन एका बॅटरीवर वीस मिनिटं उडते. त्यातले दहा मिनिटं तं नवरदेवाच्या मामाले मधात उभं करण्यात जातात. पहाटे पावणेसहाले मी काऊन उडवीन? कोणाचं लग्न लावू, घुबडाचं?" मी म्हटलं, मी तुझं नाव कुठेच लिहिलेलं नाही. तो म्हणाला, "नाही लिहिलं, ते खरं हाय. पण गावात ड्रोन एकच हाय ना." मग तो फ्लेक्सवरच्या जोडप्याचे डोळे स्क्रीनवर मोठे करत बसला आणि मी चहा संपवला.

खरं सांगायचं तर तिथून निघतानाही मला माझ्या कामात चूक आहे असं वाटलं नव्हतं. लोकांनी वाक्याचा अर्थ वाढवला, एवढंच वाटलं. आबांची प्रत द्यायची राहिली होती म्हणून मंगळवारी मी त्यांच्याकडे गेले. त्यांना चष्म्याशिवाय वाचता येत नाही, चष्मा शेतात राहिला होता, म्हणून मी वाचून दाखवलं. 'शनिवार, पहाटे' आलं तसे ते म्हणाले, "बरोबर. शनिवारची रात." मी पुढे वाचायला लागले आणि थांबले. विचारलं, "आबा, मग तुम्ही घरी आले, उजाडलं, तो कोणता वार होता?" त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. "रविवार. शनिवार गेल्यावर अजून कोणता येते, माय?" आतून त्यांची सून म्हणाली, "मामंजी, मॅडमले कॉलेजात शनिवार-रविवार दोन्ही सुट्टी असन, म्हणून एकच वाटत असन." दोघं हसले. मीही हसले. कागद माझ्या हातात होता.

तू गिरणीच्या दारात उभी आहेस. मी दुसरीत आहे. लाईन रात्री तीनला आली आहे, तू पट्टा चढवून ज्वारी लावली आहेस, डब्यांची रांग भिंतीपर्यंत गेली आहे. मी शाळेत जायच्या आधीच अक्षरं शिकले ती त्या डब्यांवरची रंगवलेली नावं वाचून, आणि आकडे तू झाकणावर बसलेल्या पिठात बोटाने काढून दाखवायचीस, फुंकर मारली की पाटी कोरी. शाळेत मला नंतर नवीन गोष्ट एकच मिळाली, की वार रात्री बारा वाजता बदलतो. ते मला फार मोठं ज्ञान वाटलं. म्हणून त्या रात्री मी पोत्यावर चढून भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान फाडलं. रोज एक फाडायचं ते कॅलेंडर, किराणा दुकानातलं.

"पान कोणं फाडलं बे?"

"मी. बारा वाजून गेले, माय. बाईनं शाळेत सांगतलं."

"तुह्या बाईच्या घरी वाजले असतीन. माह्या गिरणीत अजून दशमी हाय."

दुसऱ्या दिवशी एकादशी होती. बायका उपासाचं दळण घेऊन येणार, भगर आणि राजगिरा, आणि त्याआधी तुला जातं पुसून, झाडून, पहिली मूठ वेगळी काढून स्वच्छ करायचं होतं. पण तोवर ज्वारीचे डबे होते, आणि उजाडेपर्यंत ते दळले तरी चालणार होतं, कारण उजाडेपर्यंत तो आदलाच दिवस होता. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. एकादशीचं पान भिंतीवर दिसलं असतं तर ज्वारी दळताना पाहून कोणीतरी बोललं असतं. तू चिमूटभर पीठ पाण्यात कालवलंस, फाडलेलं पान परत चिकटवलंस आणि मला त्याच्याखाली पोत्यावर बसवलंस. "उजाडलं की फाड." मी दाराच्या फटीकडे बघत बसले. ज्वारी संपली, पट्टा थांबला, तू जात्यात डोकं घालून कुंच्याने पीठ काढत होतीस, भुवया पांढऱ्या झालेल्या. फटीतून उजेड आला तेव्हा तू न वळता म्हणालीस, "आता फाड." ते पान ओलं होतं, नीट फाटलं नाही. अर्धं भिंतीलाच राहिलं.

तुझी आणखी एक सवय होती. कोणी म्हणालं, उद्या न्यायला येते, की तू विचारायचीस, "उद्या म्हणजे कवा?" उजाडल्यावर की दुपारून, की तुझ्या हिशेबाने अजून आजच. बायका वैतागायच्या. तू विचारत राहायचीस. मी सातवीत असताना तू गेलीस, बाबांनी गिरणी विकली, त्या खोलीत आता सरकीची ढेप असते. पण सवय माझ्यात उतरली आहे असं मी समजत होते. मी दिशा विचारली, उंची विचारली, रंग विचारला, आवाज विचारला, लाईन किती वाजता जाते ते विचारलं. शनिवार म्हणजे कवा, एवढं विचारलं नाही.

मंगळवारी परत येऊन मी रविवारची पहाट तपासली. पावणेसहाच्या सुमारास उपग्रहांची रांग आपल्या जिल्ह्यावरून गेली होती, नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे. आबांच्या डीपीकडून चिंचेकडे. माझ्याच होकायंत्राच्या नोंदीत तीच दिशा होती. आणि त्या रविवारी पहाटे तो पोरगा शेगावला मावशीकडे झोपलेला होता, हे तिथल्या चार लोकांना माहीत आहे. ते कोणी विचारलंच नव्हतं, कारण वार माझा होता.

पाटलांना फोन केला. ते सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "बरं झालं बाप्पा. पण फोनवर नाही जमत हे. तुह्या कागद पारावर वाचला लोकायनं. आता पारावरच येऊन तोंडानं सांग. तू गिरणीवाल्या वहिनीची पोरगी हायेस, तुह्यं ऐकतीन." मी विचारलं, नवा कागद पाठवला तर? ते म्हणाले, "कागदानंच तं झालं." सोमवारी त्या पोराकडे शूटिंगचं एक लग्न आहे, ते अजून हातचं गेलेलं नाही. मुलीच्या बापाने त्याला रविवारपर्यंत थांबतो असं सांगितलं आहे. म्हणजे ड्रोन रविवारी त्याच्या हातात यायला हवा, आणि सगळ्यांच्या देखत.

मला भीती वाटते. वर्गात साठ मुलांपुढे वाटत नाही, पण पारावर बसलेल्या माणसांनी माझं नाक पुसलेलं आहे. कोणीतरी म्हणेलच, एवढी शिकली अन् वार समजत नाही. म्हणू दे. त्याहून मला हे वाटतं की पुढच्या वेळी आभाळात काही दिसलं तर हे लोक मला बोलावणार नाहीत, आणि कोणाची तरी कॉलर धरतील.

हे पत्र मी स्टाफरूममध्ये लिहिते आहे, शुक्रवारी दुपारी, दोन तासांच्या मधे. ते आधीच्या पत्राबरोबर तुझ्या पितळी डब्यात जाईल. एक गोष्ट राहिली. सुधारलेल्या अहवालात मी मंगळवारी संध्याकाळी लिहिलं होतं, "साक्षीदाराने सांगितलेला वार चुकीचा असल्याचे निदर्शनास आले." ते वाक्य तीन दिवस तसंच होतं. मी ते रोज वाचत होते आणि रोज ठीकच आहे म्हणत होते. तुला हे लिहायला बसले, ज्वारीपर्यंत आले, तेव्हा उठून ते खोडलं. आबांनी वार बरोबर सांगितला होता. तिथे आता 'नोंद घेणाऱ्याने वार चुकीचा लिहिला' असं आहे, आणि पारावर मी तेच वाक्य पहिल्यांदा म्हणणार आहे, बाकीचं नंतर.

पाटलांना कळवलं आहे की मी रविवारी येते. तू लगेच विचारलं असतंस. रविवारी म्हणजे उजाडल्यावर, माय. पहिल्या एस्टीने.