जात्यावरचा वड

आत्याबाई, काल वडाची पुनव झाली. तवापासून डोकं फिरलंय आन इचारायला हितं कोनी उरलं न्हाई. तुमी जाऊन लई वर्सं झाली, मागल्या साली तुमचा लेकबी तुमच्याकडंच आला. तवा तुमालाच लिहिते. मी चौथीपातूर शिकलेली, जसं बोलते तसंच लिहिनार. तुमालाबी नटवं बोलनं कधी खपलं न्हाई.

पयली गोष्ट, फाट्यावरचा तुमचा वड आता न्हाई. रस्ता रुंद करायला मशीन आलं, सकाळी न्याहारीला उभा असलेला वड दुपारी जेवनाला आडवा. माझी लेक तवा सुट्टीला आल्ती. तिनं त्या पसाऱ्यातनं करंगळीएवढी फांदी उचलली, नगरला नेली आन कुंडीत लावली. तिला तो नाद हाय. बोन्साय म्हनत्यात. मोठं व्हनारं झाड पसरट कुंडीत ठेवायचं, शेंडं खुडायचं, मुळ्या छाटायच्या, फांदीला तार गुंडाळून पायजे तशी वाकवायची. तुमचा लेक गेल्यावर तिनं ती कुंडी आनून माझ्या ओट्यावर ठेवली. "आई, हाताला चाळा पायजे तुला." म्हनलं, "घरात शेळ्या हायत, कोंबड्या हायत, चाळ्याला काय तोटा? आन ह्याला झाड म्हनायचं का झाडाची चेष्टा?" ती नुसती हसली आन कात्री ठेवून गेली.

आता खरं सांगते, त्या कात्रीवर माझा हात बसलाय. वड गुडघ्याएवढा हाय, पन खोड बघाल तर जुन्या मानसासारखं. पानं नखाएवढी करायला अख्खं साल गेलं. टँकरचं पानी येतं तवा मानसांना मोजून, पन तांदूळ धुतलेलं पानी त्याचं ठरलेलं. एक पारंबी सुटली, दोऱ्याएवढी. ती हवेतच वाळायची, तर लेकीनं फोनवर सांगितलं तशी शहाळ्याची नळी तिच्यावर चढवली, वलं शेवाळ भरलं, आन नळीतनं तिला खाली मातीपातूर आनली. ज्या दिवशी ती मातीत शिरली त्या दिवशी मी एकलीच ओट्यावर हसत बसले. शेजारीन म्हनली, "काय वो काकू, लॉटरी लागली का?" काय सांगनार तिला. पारंबी टेकली म्हनून कोन हसतं का?

पन कात्री उचलली की तुमी आठवताय. मी नवी सून हाय, लगीन होऊन पयलीच पुनव. दुपारचं ऊन, फाटा लांब, म्हनून मी सकाळी रानातनं येतानाच तुमच्या वडाची लोंबती डहाळी मोडून आनते आन घरी तांब्यात खोचते. हितंच पुजून मोकळी. तुमी गोठ्यातनं येताय, हातातली शेनाची पाटी तशीच. "काय गं, पोराची तंगडी मोडून त्याचीच दृष्ट काढतीस का?" सगळी आळी ऐकती. "जा, फांदी परत नेऊन ठिव." मी बी तवा तिखटच. म्हनले, "ती आता परत चिकटनार हाय का?" तुमी माझ्याकडं बघितलं. "तोडून आनलेली तू चिकटलीस न्हवं हितं? जा." मी गेले. उन्हातानात फांदी हातात धरून गेले, बुडाशी ठेवली, आन रडत रडत फेरं घातलं. राग कुनाचा आल्ता ते आजपातूर कळलं न्हाई.

आता तुमीच सांगा. तुमी म्हनायच्या वडाला लोखंड लावायचं न्हाई. मी तर म्हैन्या दोन म्हैन्याला लावते. आन लेकीनं त्या दिवशी मोडकी फांदी उचलली नसती तर तुमच्या वडाचं पानसुद्धा उरलं नसतं. मग खरं कोन, तुमी का ती? मला दोन्ही पटतं आन दोन्ही पटत न्हाई.

बरं, कालचं. फाट्यावर वड न्हाई म्हनून बाया पाच-सहा वर्सं डहाळ्या इकत आनून पुजायच्या. औंदा शेजारीन आली. "काकू, तुमच्या ओट्यावर अख्खा वड आसताना फांद्या कशाला? आमी हितंच येतो." मी हो म्हनले. मग ती चुळबुळ करून म्हनली, "तुमी तेवढं आत बसा. आमी उरकतो." वाईट मनानं न्हाई म्हनली, रीतच हाय ती. तुमी तर तरनेपनीच इधवा झालेल्या. तुमी पुनवंला उजाडायच्या आत जाऊन वडाचा पार झाडायच्या, सारवायच्या, आन बाया दिसल्या की मागच्या वाटंनं घरी. मीबी तसंच केलं. ओटा सारवला, कुंडी भिंतीपाशी नीट ठेवली, झाडाला पानी दिलं आन आत जाऊन भाजी निवडत बसले. कान मातर भायेर.

भायेर गोंधळ. भिंतीकडनं बाईला जायला जागाच न्हाई, मग फेरा कसा घालनार? समोरच्या घरची नवी सून म्हनली, "जरा कडंला वढू का?" कुनीतरी वढली, आन कुंडी दगडावर खरवडल्याचा आवाज आला. ती पारंबी! दोऱ्याएवढी पारंबी हाय ती, कुंडी आपटली तर तुटनार. मी भाजी टाकून भायेर. कुंडीचं एक टोक ओट्याच्या भायेर लोंबत हुतं.

"सोडा! सगळ्या हात काढा!" म्हनले. बायांनी हात काढलं. शेजारीन म्हनली, "काकू, तुमी कशाला..." म्हनलं, "माझं झाड हाय म्हनून. तुमी त्याला खाली पाडशाल."

मग माझं मलाच सुचलं. तुमचं जातं ओट्याच्या कोपऱ्यात हाय तसंच हाय. कुंडी उचलून वरच्या तळीवर मधोमध ठेवली. म्हनलं, "तुमी एका जागी उभ्या ऱ्हावा, मी झाड फिरवते." पन रिकामं जातं फिरवायचं न्हाई, ही तुमचीच शिकवन. कुंडी परत उतरवली, मूठभर जवारी तोंडात टाकली, परत ठेवली. बाया हसायला लागल्या. मी खुट्याला हात घातला आन बसले.

एकेक बाई यायची, दोऱ्याचं टोक खोडाला लावायची आन उभी. मी फिरवायची. वड गरगरायचा, दोरा गुंडाळायचा. "सैल धर गं, फास बसंल त्याला." ती नवी सून म्हनती, "आवो, पन मी तर जागेवरच हाय. फेरं म्या घातलं का झाडानं?" शेजारीन खेकसली, "गुंडाळला न्हवं? मग गप मोज." सगळ्या हसल्या, मीबी हसले. पारंबीला धक्का लागला न्हाई. जाताना त्या सुनेनं सगळ्या सवाष्णींच्यासंगं माझ्याबी हातावर वानाचा आंबा ठेवला, मग तिच्या ध्यानात आलं, जीभ चावली. मी आंबा घेतला. परत कशाला देऊ?

तर इचारायचं हे हाय, आत्याबाई. दोऱ्याला माझा हात लागला न्हाई. हळदकुंकवाला लागला न्हाई. पन गावातल्या समद्या बायांचं फेरं मीच फिरवलं. मग मी पूजेत हुते का न्हवते? आन तुमी एवढी वर्सं त्यो पार झाडायच्या, तुमी हुता का न्हवता? तवा मला कधी असं इचारावं वाटलं न्हाई. तुमी मागच्या वाटंनं याच्या आन मी तुमाला चहा द्यायची, बस.

लेकीला फोनवर सांगितलं तर ती म्हनती, "आई, त्यात काय एवढं?" तिला काय सांगायचं.

बाया गेल्यावर जात्याच्या कडंनं पीठ सांडलेलं दिसलं. जाडंभरडं, मुठीएवढं. ते परसाद म्हनायचं का नुसतं पीठ? कोंबड्यांना टाकायला उठले आन हात थांबला. मग चाळलं, घरातलं पीठ घालून भाकर थापली. एकलीनं खाल्ली, आंब्यासंगं. शेजारनीलाबी सांगितलं न्हाई. लई गोड लागली.

आता हा कागद. जातं एका अंगाला डुगडुगतंय, काल फिरवताना कळलं. घडी करून त्याच्या बुडाखाली सारते. पुढल्या पुनवंला उपयोगी पडंल.