खारूताईचं तोंड आणि माझा शहाणपणा

तीर्थस्वरूप दादांस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. गुडघा काय म्हणतोय? वहिनींचा खोकला थांबला का? इकडे सगळे मजेत, फक्त आपली नात खारूताई माझ्याशी बोलत नाही आणि तोंडही उघडत नाही. तिच्या दाढांवर टोप्या बसायच्या आहेत. उशीर झाला तर दाढा झिजून जातील, आणि हे सगळं माझ्यामुळे अडलंय.

झालं असं, दातांच्या डॉक्टरीणबाईंकडून आमच्या लॅबमध्ये दातांची मापं येतात, डब्यावर नुसता नंबर. परवा एका लहान मुलाचं माप आलं. प्लास्टर ओतून बघतो तर दात बारके, भांडण झाल्यासारखे लांब लांब, दाढांचे माथे सपाट. तीस वर्षं कवळ्या घडवणारा माणूस मी (तुमच्या भाषेत 'दातविक्या'), मला कोण शिकवणार? म्हटलं, माप घेताना मदतनीस बाईंचा हात हलला. माप परत! दुसरं आलं, तेही तसंच. तेही परत, सोबत खरमरीत चिठ्ठी. तिसऱ्या मापाबरोबर खुद्द डॉक्टरीणबाईंचा फोन. माप बरोबर आहे, दातच तसे आहेत, आणि ते तुमच्या खारूताईचे आहेत! दादा, मी स्टुलावरून पडायचाच बाकी राहिलो.

तिचा आजार हाडांचा, एवढंच आपण धरून चाललो होतो ना? बाई म्हणाल्या, शरीरात एक एन्झाइम नाही, म्हणून पेशींतला कचरा मोडत नाही, साठत जातो. दात घडतानाही त्यानेच घोळ घातला, वरचं कवच पातळ आणि खडबडीत झालं. त्या एन्झाइमची दर आठवड्याची सलाईन चालू आहे, पण घडून गेलेलं कवच सलाईनने जाड होत नाही. ऐकून मला रडूच आलं. मग नाक पुसलं आणि टोप्या करायला बसलो.

पण पोरीने माझ्या शहाणपणापायी मापाचा तो गुलाबी लगदा तीनदा तोंडात धरला होता! टोप्या बसवायच्या दिवशी ओठ घट्ट. मी कान धरून उठाबशा काढल्या (सातवीला कंबर धरली, बाईंनीच उठवलं). ती हसली, पण तोंडावर हात ठेवून.

तुमचा,
धाकटा

ता.क. : डॉक्टरीणबाईंमार्फत तिने एकच अट कळवलीय. आधी मोठ्या आजोबांनी त्या खुर्चीत बसायचं, कारण त्यांना कशाचीच भीती वाटत नाही (हे तिला तुम्हीच सांगितलंय). तुम्ही अकरा वर्षं लपवलेली ती हलती दाढही त्याच वेळी काढून घेऊ. वहिनींनीच मला सांगितलं, त्यांच्यावर रागावू नका. गुरुवारी दहाला या.

आणखी एक : तुम्ही हो म्हणालात असं मी तिला सांगून टाकलंय. आजोबा घाबरले तर त्यांचा हात धरायला ती शेजारी उभी राहणार आहे.