यंत्र फिरेल, रेकॉर्ड नाही

प्रिय सुई,

हे पत्र टपालाने न पाठवता मी स्वतः येऊन तुझ्या दाराखालून आत सरकवलं आहे, कारण उद्या रविवार, आणि उद्या अकरा वाजता तुझी धाकटी बहीण तुझ्याकडे येणार आहे. सात वर्षांनी. मंगळवारी ती घराच्या किल्ल्या देऊन टाकून मुलाकडे परदेशी जाते आहे, ती कायमचीच. काल फोनवर तू म्हणालीस की दार उघडायचं की नाही हे अजून ठरलेलं नाही, आणि लगेच विचारलंस की रेकॉर्डवर नव्या सुईचा भार पावणेदोन ग्रॅम ठेवू की दोन. मी म्हटलं पावणेदोन. मग वीस मिनिटं आपण सुईच्या भारावर बोललो. फोनवर आपलं हे असंच होतं, म्हणून लिहिते आहे. ताप आहे असं कळवून मी आपली आजची, शनिवारची रेकॉर्ड ऐकायची बैठक चुकवली. मला ताप नाही. हे अकराच्या आत वाच. सगळं वाच आणि ओळीने वाच. रेकॉर्डच्या मधल्याच गाण्यावर सुई टेकवायची तुझी खोड इथे चालवू नकोस.

सकाळपासून मला आपल्या सुरुवातीच्या बैठका आठवताहेत. मास्तरांची ती खोली, त्यांचा तो काचेच्या दिव्यांचा अँप्लिफायर, जो तापून तापून खोलीची भट्टी करायचा, आणि जन्मभर भूगोल शिकवलेला तो माणूस घाम पुसत आपल्याला पटवायचा की आवाजाला ऊब हवी. वायरवाला बँकेतून थेट यायचा, पिशवीत जेवणाचा डबा आणि दोन वायरी. वायर जमिनीला टेकली की सूर मळतो म्हणे, म्हणून तो तिच्याखाली लाकडाचे ठोकळे लावायचा. मास्तरांनी एकदा तो हात धुवायला गेलेला असताना त्याची महागाची वायर काढून इस्त्रीची जुनी वायर जोडून ठेवली, आणि हा डोळे मिटून म्हणाला, बघा, आज कसं मोकळं मोकळं वाटतंय! हसू दाबता दाबता तुला ठसका लागला होता. त्याला आपण खरं कधीच सांगितलं नाही. तो बिचारा अजून त्या दिवसाच्या आवाजाची आठवण काढतो.

तू इस्पितळातल्या औषधांच्या खिडकीवर, मी चष्म्याच्या दुकानात काचा घासणारी. स्पीकर बघायला आपण दोघी गेलो की दुकानदार विचारायचा, साहेबांसाठी घ्यायचाय का? त्या एका प्रश्नावर आपली मैत्री जमली. मग तो फिरता महिना सुरू झाला. दर महिन्याला कुणाचं तरी एक यंत्र दुसऱ्याच्या घरी राहायला जायचं आणि त्याची लेकीसारखी चौकशी व्हायची. नियम एकच होता, आणि तो तू घातला होतास: यंत्र फिरेल, रेकॉर्ड घराबाहेर जाणार नाही. यंत्र दुरुस्त होतं, खाच दुरुस्त होत नाही, असं तू म्हणायचीस. म्हणून तुम्हा तिघांच्या रेकॉर्डी मी तुमच्या घरी येऊन धुवायचे. दुकानातलं भिंग डोळ्याला लावून खाच न् खाच बघायचे, तेव्हापासून मी भिंगवाली झाले, जशी सुयांच्या वेडापायी तू सुई. माझं ते द्रावण आठवतं ना, तुझ्याच खिडकीवरून घेतलेलं स्पिरिट, शुद्ध पाणी आणि साबणाचा एक थेंब. मास्तर म्हणायचे, हिच्या हाती दिली तर मेलेली रेकॉर्डसुद्धा उठून बोलायला लागेल. मला ते ऐकायला फार आवडायचं, खोटं कशाला सांगू.

आता तुझ्या आईची रेकॉर्ड. मला तिच्याबद्दल लिहायलाच हवं. तुम्ही दोघी लहान असताना एका प्रदर्शनात काचेची खोली होती. आत उभं राहून दोन मिनिटं बोलायचं आणि बोललेलं तिथल्या तिथे कोरून मिळायचं. एकच प्रत. तुझी आई टेलिफोन केंद्रावर उभा जन्म लोकांचे फोन जोडून देणारी. तिला स्वतःला बोलायला दोन मिनिटं मिळाली तर काय बोलावं ते सुचेना, आणि तेवढ्यात तुम्ही दोघी आत घुसून ढकलाढकली करायला लागलात. म्हणून त्या रेकॉर्डवर ती तुम्हाला रागावते, धाकटीला म्हणते ताईचा पाय तुडवू नकोस गं, मग हसू फुटतं, आणि मग बाहेरच्या माणसाला विचारते, अहो, हे अजून चालू आहे का? तिथे संपतं. आई गेल्यावर तिचा आवाज जगात तेवढाच उरला होता. तू ती वर्षातून एकदाच लावायचीस, तिच्या वाढदिवशी, कारण दर खेपेला सुई थोडं खरवडून नेते. टेपवर उतरवायलाही तू तयार नव्हतीस. त्या जुन्या खाचेला बसेल अशी नेमकी सुई मिळाली की उतरवू, असं तुझं चाललं होतं, आणि ती सुई तू नऊ वर्षं शोधत होतीस.

धाकटीला हे कळायचंच नाही, आणि आता वाटतं, तिचं काय चुकत होतं? सात वर्षांपूर्वी ती आठवडाभर तुझ्याकडे राहायला आली तेव्हा सोबत तिचा छोटा टेपरेकॉर्डर घेऊन आली होती. शनिवारी आपल्या चौघांदेखत म्हणाली, ताई, मला तुझा स्टिरिओ नको, मला आईचा आवाज हवाय, ह्याच्यावर उतरवून दे. आपण हसलो. वायरवाल्याने तिच्या टेपरेकॉर्डरला आगपेटी म्हटलं. तू म्हणालीस, आईला मी असल्या डबड्यात कोंबणार नाही. त्यावर ती म्हणाली, आई काय तुझ्या एकटीची होती? तिचे डोळे भरले होते आणि आपण रेकॉर्डींच्या कव्हरांकडे बघत बसलो. सोमवारी ती आपल्या घरी गेली, आणि पुढच्या शनिवारी तू कपाट उघडलंस तर आईच्या रेकॉर्डचं पाकीट रिकामं.

तू आरडाओरडा केला नाहीस. पाकीट मांडीवर घेऊन बसलीस आणि म्हणालीस, नेली तिने. मास्तर म्हणाले, अहो, आधी नीट शोधूया तरी. तू माझ्याकडे पाहिलंस. आणि मी म्हणाले की सोमवारी ती दुकानासमोरून गेली तेव्हा तिच्या हातात एक सपाट पिशवी होती खरी. एवढंच म्हणाले. मग कुणी शोधलं नाही. तू तिथूनच तिला फोन लावलास, तिने मुलाची शपथ घेतली, आणि तू मुलाची खोटी शपथ घेणारी म्हणून तिला आणखीच दूर केलंस. तिच्या मुलाच्या लग्नाला तू गेली नाहीस. तिचा नवरा गेला तेव्हाही गेली नाहीस, चार ओळी पाठवल्यास, आणि त्या चार ओळीसुद्धा तुला सुचेनात म्हणून मीच लिहून दिल्या.

ह्या बुधवारी दुपारी धाकटी माझ्या दुकानात आली. केस पार पिकलेत, अंगावरचं मांस उतरलंय, हसते मात्र अजून तुझ्यासारखीच, एका गालाने. स्टुलावर बसली आणि म्हणाली, रविवारी जाऊन मी ताईला सांगणार आहे की रेकॉर्ड मीच नेली. मी विचारलं, तू नेलीस? ती म्हणाली, छे हो, पण सात वर्षं खरं सांगून तिने दार उघडलं नाही, आता खोटं सांगून बघते. जाण्याआधी तिने एकदा ‘ये’ म्हणावं, मग नाक घासायला सांगितलं तरी घासेन. तिला रेकॉर्डींतलं ओ की ठो कळत नाही, म्हणून ती माझ्याकडे आली होती. ताई हुशार आहे, पहिल्याच वाक्याला पकडेल, तर रेकॉर्ड कशी मोडते ते मला समजावून सांगा, म्हणाली. पर्समधून वही काढली. पाय पडून दोन तुकडे झाले असं सांगू का, असं विचारलं.

आणि सुई, मी तिला शिकवलं. म्हटलं, तुकडे नको सांगूस, ती आतून पत्र्याची होती, वर नुसता लाखेसारखा थर. सांग की स्वच्छ करायला गेले आणि स्पिरिटने पुसली. साध्या रेकॉर्डला स्पिरिट चालतं, हिच्यावरचा थर त्यात विरघळतो. फडकं काळं होतं, माणसाला वाटतं मळ निघतोय, म्हणून तो आणखी घासतो. दुसऱ्या दिवशी उरलेल्या थराचे पापुद्रे सुटतात आणि हातात कोरा पत्रा राहतो. ती शाळेतल्या मुलीसारखी लिहून घेत होती. मळ हा शब्द लिहून थांबली आणि तिने माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. तुम्हाला एवढं बारीक कसं माहीत, म्हणाली. मी म्हटलं, कुठेतरी वाचलंय. तिने वही मिटली, माझे आभार मानले आणि म्हणाली, तुम्ही ताईला धरून आहात म्हणून मला तिची काळजी वाटत नाही. तिला कळलं असेल का, मला माहीत नाही. कळूनही ती हे बोलली असेल, तर मी तिच्यापुढे कुठल्या तोंडाने उभी राहू?

ती गेल्यावर मला हलकं वाटलं, हेही लिहून टाकते. मी स्वतःला समजावलं की सगळ्यांचंच भलं होतंय. बहिणी भेटतील, ती सुखाने जाईल, आपला शनिवार राहील, ज्याने त्याने गप्प बसायचं, बस्स. बुधवार गेला, गुरुवार गेला. काल तुझा फोन आला आणि सुईच्या भाराचं बोलून झाल्यावर, फोन ठेवता ठेवता, तू म्हणालीस की ती कबूल झाली तर बहुतेक माफ करेन, आई असती तर तिनेही केलंच असतं. मी बरं म्हटलं. फोन ठेवला, पुढ्यातली काच घासायला घेतली आणि भलत्याच नंबरची घासून बसले, काच फुकट गेली.

नेली ती मी. त्या भांडणाच्या शनिवारी तुम्ही दोघी तणतणत स्वयंपाकघरात गेलात, मास्तर दाराशी आपली छत्री शोधत होते, आणि मी आईची रेकॉर्ड काढून माझ्या रिकाम्या पाकिटात घातली. धुवून, टेपवर उतरवून दोघींना एकेक प्रत द्यायची होती, म्हणजे भांडण मिटलं असतं. माझी वाहवा झाली असती, तेही मनात होतंच. रविवारी सकाळी भिंगाखाली खाचांवर पांढरट थर दिसला, मला बुरशी वाटली. पुढचं तू वर वाचलंसच. मी तुझ्या आईचा आवाज फडक्याने पुसून काढला, सुई, आणि काळं फडकं बघून खूश होत होते. उद्या सांगू, परवा सांगू म्हणता म्हणता शनिवार आला, आणि तू माझ्याकडे पाहिलंस तेव्हा तोंडून ती पिशवी निघाली. रेकॉर्ड चुकून गेली, पिशवी चुकून नाही. दाराच्या कडीला मी एक पाकीट अडकवलंय, त्यात तो पत्रा आहे, मधल्या कागदावर तुझ्या आईच्या अक्षरातली तारीख अजून दिसते. बघ आणि खात्री करून घे, कारण धाकटीचं वाईट पटायची तुला सवय लागली आहे, आणि ती मीच लावली. माझं काय करायचं ते सावकाश ठरव, मी कुठे जात नाही. पण उद्या ती वहीतलं पाठ करून येईल, दारातच सुरुवात करेल. तिला ते वाक्य पुरं करू देऊ नकोस. माफ केलं असं चुकूनसुद्धा म्हणू नकोस. दार उघड आणि माफी तू माग.

तुझीच (हा शब्द खोडावासा वाटला तर खोड),
भिंगवाली