वावराचं जेवण

२१ जून
वावरात आज ताग पेरला. तापीकाठची ही जमीन केळीनं आणि आमच्या हावरेपणानं मिळून खाऊन टाकलीय. पाणी दिलं की वर पांढरी पापडी धरते. ढेकूळ निघतं ते असं, की त्यावर चूल मांडावी! नवऱ्याला, योगेंद्रला म्हटलं, एक हंगाम काही काढायचं नाही. ताग वाढवायचा आणि फुलावर आला की खत म्हणून मातीतच गाडायचा. तो हो म्हणाला. सासरे काहीच म्हणाले नाहीत. वावर त्यांच्या नावावर आहे, तेव्हा त्यांचं काही न म्हणणं हेही एक म्हणणंच.

४ जुलै
शेजारच्या वावरातले मोतीलालभाऊ बांधावर. "वहिनी, गवत लाई ऱ्हायनात का? आम्ही तर उपटी फेकतस!"
"भाऊ, तुमना वावरमां युरियाबिगर गवतबी उगत नही. मन्हामां उगनं."
हसत हसत मिरचीकडे गेले. हसणं जरा पातळ होतं.

१२ जुलै
ताग गुडघ्याएवढा. गांडूळ मात्र एक दिसेना— बहुतेक तीही सुरतेला कामाला गेली.

३० जुलै
ताग माझ्या डोक्यावर गेलाय. पिवळी फुलं लागलीत. पुतण्या रील काढून गेल्या. माती मेली तेव्हा कुणी फिरकलं नाही! सासरे रोज संध्याकाळी येतात, पिकावरून हात फिरवतात. मला धास्ती. आता नाही गाडला तर काडी टणक होईल, कुजायची नाही. हंगाम गेला आणि वावर होतं तिथंच.

२ ऑगस्ट
ट्रॅक्टर आला आणि परत गेला.
सासरे वावराच्या तोंडाशी उभे. "उभा पीकवर नांगर? मन्ही जिंदगीमां कणीसले पाय लागू दिधा नही मी!"
मी कुजणं सांगितलं, जिवाणू सांगितले. "तू बोलस ते खरं व्हई, बेटा. पन मन्हा डोयासमोर नको."
साप्ताहिकातल्या माझ्या सदरात दर आठवड्याला जगाची सालं काढते मी. या माणसापुढे एक वाक्य सुचेना. त्यांचं दुःख खरं होतं, हीच पंचाईत. रात्री सगळे भराभर जेवून उठले. कढी मात्र फर्मास झाली होती.

३ ऑगस्ट
सासूबाई भाकरी थापताना, माझ्याकडे न बघता: "तू सारखी गाडनं, गाडनं म्हनी ऱ्हायनी. गाडतस ते मरेल लेकरूले. वावरले जेवाडनं म्हन ना!"
जन्मभर शब्दांवर पोट भरलं, आणि नेमका हाच चुकले!
ओट्यावर सासऱ्यांकडे गेले. "बाबा, वावर उपाशी शे. त्याले जेवाडनं शे."
त्यांनी मान वर केली. मग, "आते कशी बोलनी!"

४ ऑगस्ट
नारळ फुटला. नांगराला हळदकुंकू लागलं. योगेंद्र ट्रॅक्टरवर, सासरे बाजूनं अनवाणी चालतायत आणि ओरडतायत— "धीरे रे! घास मोठा व्हई जाई!" पाहुण्याला आग्रह करावा तसं नांगराचं एकेक तास वावराला वाढलं. मोतीलालभाऊ बांधावरून बघत होते. या वेळी हसले नाहीत. संध्याकाळी मातीला ओल्या पाल्याचा वास. मस्त झोप येणार.

२ सप्टेंबर
सकाळी चहाला सासऱ्यांनी विचारलं, "राखमां पोटॅश ऱ्हास ना?"
"हो, बाबा."
"मंग मी मरी गऊ की मन्ही राख प्रकाशाना घाटवर तापीमां कसाले सोडतस? वावरमां टाका."
योगेंद्र कपबशी ठेवून उठून गेला. सासूबाईंनी चुलीत काडी सारली.
"मन्हीबी."